सवय व्हायला किती दिवस?

साहेब लोकांना वाद न घालता निरुत्तर करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या कंपनीत टाइमकीपर, म्हणजे कामगारांची हजेरी लिहिणारा, होता. रत्नागिरीकडचे ते, सगळे त्यांना चाचा म्हणत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी इंजिनिअर म्हणून कतारला, दोह्याला गेलो, तेव्हा चाचांना तिथे वीस वर्षं झाली होती. साहेब काहीही बोलले तरी चाचा 'बराबर' म्हणत आणि ते बोलणं खरं धरून कामाला लागत. तिथेच साहेबांची पंचाईत होई. एकदा मोठ्या साहेबांनी भाषणात 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' असं सांगितलं. पुढच्याच शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चाचा इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या कॅम्पमधले अकरा फिटर, इस्त्रीच्या शर्टांत, घेऊन साहेबांच्या बंगल्यावर हजर. सोबत खजुराचा डबा. त्यानंतर साहेबांच्या भाषणात कुटुंब आलं नाही.

चाचांचा हट्ट एकच होता, उन्हाळ्याआधी कामगारांच्या बसला एसी बसवायचा. त्या पत्र्याच्या बसमध्ये तासभर भाजून निघालेली माणसं साइटवर अर्धमेली होऊन उतरत. आदल्या जूनमध्ये एक सुतार उतरतानाच कोसळला होता. मीटिंगमध्ये मोठे साहेब, ते आपल्या पुण्याचेच, समजुतीच्या सुरात म्हणाले की या लोकांना उन्हाची सवय असते, एसीने उलट आजारी पडतील. आम्ही इंजिनिअरांनी माना हलवल्या. मी जरा जास्तच हलवली, कारण माझ्या गाडीतला एसी झकास चालत होता. चाचांनी वही उघडली.

"बराबर हाय साहेब. फक्त सवय किती दिवसांत होते तेवढं सांगा. नवीन माणसांना तसं सांगून ठेवतो."

होते पंधरा-वीस दिवसांत, साहेब म्हणाले.

"मग तुम्ही पंधरा दिवस बसनं या. तुम्हाला सवय झाली की विषय खलास. मी परत काढणार नाय."

साहेब काही बसने आले नाहीत, पण महिन्याभरात एसीच्या बस आल्या. वर्षाअखेरीस चाचांचं कॉन्ट्रॅक्ट मात्र वाढलं नाही. वय झालं, असं कारण मीटिंगमध्ये दिलं गेलं. ते खोटं आहे हे त्या खोलीत मलाही ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो.

विमानतळावर मी त्यांची माफी मागितली. खूप लाज वाटत होती. चाचा म्हणाले, "तुमची बी नोकरी हाय. पोरं इंग्लिश शाळेत हायत. बोलून काय करणार होता तुम्ही?"

माझी बाजू इतकी छान मांडणारा माणूस मला नंतर भेटला नाही. त्यांच्या बाजूने मी एक शब्द बोललो नव्हतो.