मोहनरावांची ऊठबस

वडगाव निंबाळकरात मोहनरावांची ऊठबस कुणाशी नाही, हे सांगणं सोपं. चुलतभाऊ कुंडलिक, एवढं म्हटलं की संपलं. बाकी भिगवणच्या मासळीवाल्यापासून कारखान्याच्या साहेबापर्यंत सगळ्यांचा चहा त्यांच्या पोटात.

पुण्यात शिकणारी नात माधवी सुट्टीला आली आणि तिनं विचारलं, "आजोबा, ऊठबस हा शब्द आला कुठनं?"

"पंगतीतनं," मोहनराव म्हणाले. पुस्तकात काय असेल ते असो, त्यांचं ठरलेलं होतं. "ओळीतला थोरला उठंस्तवर कुणी उठायचं न्हाय. बसायला काय, कुणीबी बसतंय. संगं उठला तर आपला."

"मग कुंडलिकआबांच्या मांडवातनं तुम्ही एकटेच कसे उठलात?"

म्हातारा खोकला. तो खोकला गाव चांगला ओळखतं.

कुंडलिकच्या लेकीच्या लग्नात गडबडीत मानाचा फेटा मोहनरावांना बांधायचा राहिला, आणि हे भरल्या ताटावरून उठले. तेव्हापासून दोघांचा बांध एक, पाट एक, पण बोलणं बंद. दोघांच्या बायका मागच्या दारानं विरजण नेत-आणत होत्या, हे सगळ्या आळीला ठाऊक. फक्त या दोघांना नव्हतं.

नात तर गेली, पण तिचा प्रश्न काही गेला नाही. एकट्यानं घास गिळताना तो आडवा यायचा. तेवढ्यात कुंडलिकच्या नातवाचं जावळ निघालं. भावकीला सांगावा आला, त्यात यांनाही. मोहनराव गेले आणि थोरले म्हणून ओळीत पहिले बसले.

कुंडलिकनं वाढलं, पण वर बघितलं नाही. ओळ जेवून झाली. सगळे मोहनरावांकडं बघू लागले. ते हललेच नाहीत.

मागं दुसरी पंगत ताटकळत उभी. पुतण्या लखन म्हणाला, "तात्या, उठा की. माणसं उपाशी हायत."

"असूं दे. कुंडलिक, माझ्याशेजारी बस. तू जेव, मग उठतो."

"घरधनी शेवटाला जेवतो, दादा."

"तुझी रीत तू मोड. माझी मी मोडलीच हाय."

कुंडलिक रश्श्याची बादली धरून उभा राहिला. मग ती खाली ठेवून बसला. आणि अगदी सावकाश जेवला, एकेक हाड चाटूनपुसून. वर पुन्हा भाकरी मागितली.

"पाय अवघडलं का, दादा?"

"न्हाय. निवांत जेव," मांडी बदलत मोहनराव म्हणाले. अख्खी ओळ खरकटे हात वाळवत बसून होती.