निगेटिव्हची वायर

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, जन्मभर टॅक्सी चालवत आले. माझं गॅरेज आहे, पण त्याचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. "तू गाड्या उघडतोस, मी चालवतो," असं चारचौघांत म्हणायचे. अस्सं डोक्यात जायचं माझ्या!

टॅक्सी विकल्यावर त्यांनी घरासाठी एक जुनी गाडी ठेवली. नातीला शाळेत सोडायचं काम त्यांचं. आठवडाभर ती गाडी चालू होईना, आणि पोर बसने जायला लागली. शेवटी ताईचा फोन आला. "अरे, यांचं जेवणावरसुद्धा लक्ष नाही. बघून जा एकदा."

गेलो. दाजी दारातच म्हणाले, "बॅटरी मेलीय. उगाच खटपट करू नकोस."

मी बॉनेट उघडलं. टर्मिनल लख्ख, पांढरी भुकटी नावाला नाही. पाणी बरोबर. मीटर लावला तर बॅटरी भरलेली. निगेटिव्हची वायर तेवढी सुटलेली होती आणि तिच्या टोकाला चष्मा पुसायचं फडकं नीट गुंडाळलेलं होतं. आपोआप सुटलेल्या वायरीला फडकं कोण गुंडाळेल? "आधी निगेटिव्ह सोडायची आणि फडक्यात बांधायची, चुकून टेकायला नको," हे मला शिकवलं होतं दाजींनीच.

माझं टाळकंच सटकलं. सगळ्या घराला नाचवलं की या माणसाने! वायर आवळली आणि सेल मारला. पहिल्याच झटक्यात गाडी चालू. नात दप्तर घेऊन धावत आली, मागे बसली. "चला आजोबा!"

दाजी स्टिअरिंगवर बसले, पण गिअर टाकेनात. मी त्यांच्या खिडकीला टेकून म्हणालो, "निघा की आता."

"तू कुठे उभा आहेस?" त्यांनी समोर बघतच विचारलं.

मी त्यांच्या खांद्यापासून हातभर अंतरावर होतो.

"समोरचं दिसतं रे," ते हळूच म्हणाले. "बाजूचं काहीच नाही. कुणी आडवं आलं तर? पोर आहे मागे." मग माझी बाही चाचपून धरली. "बॅटरी गेली म्हण ना, बाबा."

माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं. तेवढ्यात ताई बाहेर आली.

"ताई, बॅटरी गेली गं," मी म्हणालो.

तिने घरघरणाऱ्या गाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. खिडकीतून हात घालून तिने किल्ली फिरवली, गाडी बंद केली.

"नवी घालू नकोस," ती म्हणाली.