न धुतलेलं सुवर्णपदक

आमच्या सावेलीने जगज्जेतेपदाची पदकं धुतली, लीगची धुतली, पोलाद कारखान्याने दिलेला फालतू बिल्लासुद्धा धुतला. ऑलिंपिकच्या सुवर्णपदकाला मात्र व्होडकाचा थेंब लागू दिला नाही. आता तुम्हीच सांगा, मला, त्याच्या बायकोला, संशय येणार नाही तर काय!

धुवायचं म्हणजे आमच्याकडची रीत: पदक घरी आलं की ग्लासात टाकायचं, वर व्होडका ओतायची, मालकाने ग्लास रिकामा करून ते दातांनी उचलायचं. त्याशिवाय ते आपलं होत नाही. "समोरचे दात कुठे उरलेत माझे?" म्हणून सावेली टाळायचा. थापाड्या! नंतरची सगळी पदकं त्याने हिरड्यांनी उचललेली मी पाहिलीत.

कारखान्याच्या अंगणात पाणी ओतून गोठवलेल्या बर्फावर तो आणि प्रोखोर आइस हॉकी शिकले. दोघं बचावफळीतले, बरोबरच मॉस्कोला गेले. प्रोखोर जास्त चांगला, त्यामुळे सावेली राखीव. ऑलिंपिकच्या तोंडावर प्रोखोरचं नाव कापलं गेलं. हा परदेशात पळून जाणार, असं कुणीतरी वर, सरकारात, कळवलं होतं. त्याच्या जागी सावेली गेला, सोनं घेऊन आला, पुढे कप्तान झाला, छातीवर पदकं मावेनात. प्रोखोर गावी परत येऊन भट्टीवर लागला.

पळून जायचं ते बोलणं प्रोखोरने आमच्याच स्वयंपाकघरात केलं होतं, चोरून कुणी ऐकू नये म्हणून नळ मोठा सोडून. टेबलाशी आम्ही तिघंच. मी कुठे बोलले नाही. मग उरलं कोण?

ज्याच्या शेजारी झोपते तो चुगलखोर आहे की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाला, "सूप गार होतंय, रायसा." तेव्हापासून त्याच्या प्रत्येक गप्प बसण्यावर माझी नजर.

साठाव्या वाढदिवसाला तो आपणहून म्हणाला, "प्रोखोरला बोलाव." याच्या मनात आहे तरी काय?

पाहुणे जेवत असताना सावेली उठला. कपाटातून ते पदक काढलं, ग्लासात टाकलं, व्होडका ओतली. "अखेर मुहूर्त लागला बुवा!" कुणीतरी ओरडलं. सावेलीने ग्लास प्रोखोरपुढे सरकवला.

"आधी तू."

प्रोखोरने ग्लास रिकामा केला, पदक दातांनी उचललं आणि ताटात थुंकलं.

"मला तेव्हाच कळलं होतं, गाढवा."

"मग आलास कशाला?" सावेलीने विचारलं.

"वहिनींच्या हातची हेरिंग मासळी खायला. आणि तुला कधी लाज वाटते का ते बघायला." त्याने ताट माझ्यापुढे केलं. "वहिनी, वाढा अजून थोडी."

मी ते पदक बाजूला सारलं आणि त्याला भरपूर वाढलं, वर बीटही घातलं.

सावेलीनेही आपलं ताट पुढे केलं. "रायसा, मला?"

"तुझं तू घे," मी म्हटलं.