आईचं विमान कोणत्या दिशेला जातं

रविवार, संक्रांतीनंतरचा पहिला. स्थळ: जळगावातलं मेहरूण, आईचं घर. हजर: आई, मामा, मी. फोनवर: धाकटी बहीण, टोरांटोहून. गैरहजर: तारतम्य.

बहिणीचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं आणि तिकडे नवऱ्याखेरीज तिला कोणी नव्हतं. आईचं शुक्रवारचं तिकीट मी काढून दिलं होतं. मामांनी कोणाला न विचारता ते बुधवारचं करून आणलं. कारण शुक्रवारी पश्चिमेचा दिशाशूल, त्या दिवशी त्या दिशेला निघू नये. आणि कॅनडा पश्चिमेला, हे त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून सिद्ध केलं होतं. मुंबईपासून टोरांटोपर्यंत निळ्या पेनाची सरळ रेघ: अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक. अज्ञान मी चालवून घेते. पट्टी लावलेलं अज्ञान सहन होत नाही.

मामा रावेरकडचे केळीचे व्यापारी. आयुष्यभर दिल्लीला ट्रक लावले, म्हणून जगातला कोणताही रस्ता आपल्याला विचारूनच काढलेला, अशी त्यांची समजूत.

"पाह्य ना, बाई," ते आईला म्हणाले, "येवढ्या पान्यात थांबाले एक ढाबा नाही."

आईचा चेहरा उतरला. ती पाण्याला भिते. तापीच्या पुलावरही डोळे मिटून घेते.

मी धुळ्यात भूगोल शिकवते. शाळेतला पृथ्वीगोल एसटीत मांडीवर धरून आणला होता, तो टेबलावर ठेवला.

"मामा, नकाशा सपाट आहे. पृथ्वी नाही."

"मले नको शिकवू. माह्या गाड्या सपाट रस्त्यानंच जातात."

मी मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरलं, टोरांटोवर दुसरं, आणि ताणलं. दोरा आफ्रिकेकडे फिरकलाही नाही. रशियावरून चढला, ध्रुवाच्या अलीकडून ग्रीनलंडजवळ उतरला. जवळचा रस्ता हा. प्रत्यक्षात विमान जरा खालून, युरोपवरून जातं, हेही सांगितलं. मग अटलांटिक. तिथे खाली खुणेला काही नसतं, म्हणून अक्षांश-रेखांशांचे आकडे हेच थांबे. वाऱ्याचा अंदाज पाहून तिथल्या वाटा रोज नव्याने आखतात. वरचा वारा पश्चिमेकडून वाहतो. जाणारी विमानं त्याला चुकवतात, येणारी पाठीवर घेतात. इंजिन बिघडलंच, तर कुठल्या विमानतळावर वळायचं, आइसलंड की आणखी कुठे, हे निघण्याआधीच ठरलेलं असतं.

"म्हणजे ढाबे आहेत," आई म्हणाली.

"आहेत. आणि मामांच्या ड्रायव्हरसारखं ऐनवेळी शोधावे लागत नाहीत."

मामा खिडकीबाहेर बघू लागले. मला फार बरं वाटलं. ते जेमतेम मिनिटभर टिकलं.

आई गोलावर बोट ठेवून होती. "म्हणजे विमान उत्तरेला जातं?"

"हो. जवळजवळ सरळ उत्तरेला."

"बुधवारी उत्तरेचा दिशाशूल असतो गं."

मामा वळले. "म्या तं पश्चिम टाळली होती. उत्तरेले तू नेलं."

फोनवर बहीण हसायला लागली आणि मध्येच रडू लागली. शुक्रवारची जागा गेली होती. पुढची जागा बाळंतपणाच्या तारखेनंतरची. आणि आई एकदा नाही म्हणाली की नाही.

मार्ग आईनेच सांगितला: प्रस्थान ठेवायचं. चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू त्या दिशेला, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे निघणं त्या दिवशीच झालं. जाताना ती उचलायची आणि मागे फिरायचं नाही. सोमवार चालत होता. दिशा मी काढली होती, म्हणून नेण्याचं कामही माझ्याकडे आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, शिकलेली बाई, मोबाइलमधलं होकायंत्र बघत, सुपारी-हळकुंडाचं गाठोडं घेऊन मी गल्लीच्या उत्तर टोकाच्या शिवणकामवाल्या बाईंकडे गेले. त्यांनी काही विचारलं नाही. मी असते तर विचारलं असतं.

बुधवारी सकाळी माझ्या यादीत पासपोर्ट, विमा, गोळ्या, स्वेटर, डिंकाचे लाडू, सगळ्यांपुढे बरोबरची खूण होती. गाठोडं यादीत नव्हतं. असल्या गोष्टी मी यादीत घेत नाही. रिक्षा दक्षिणेकडून, मोठ्या रस्त्याने गेली.

जळगाव स्टेशनवर गाडी फलाटाला लागताना आईने विचारलं, "प्रस्थान उचललंस ना?"

"बॅगेत आहे," मी म्हणाले.

ती चढली. मुंबई, युरोप, अटलांटिक, सगळं पार करून वेळेवर पोहोचली. चौथ्या दिवशी नात झाली. काल फोनवर म्हणाली, "समुद्रावर डोळे मिटले नाहीत मी. प्रस्थान सोबत होतं ना. पण बॅगेत सापडत नाही गं, कुठल्या कप्प्यात ठेवलंस?"

शोध, सापडेल, म्हणाले. गाठोडं अजून शिवणकामवाल्या बाईंच्या कपाटावर आहे. यादीत आता ओळ घातली आहे: आईला सांगणे. पुढे खूण नाही.