सगळ्यांना एकच डबा

बायको गेली आणि दिवसकार्य उरकल्यावर मी डब्यांचा धंदा सोपा करून टाकला.

आमचं सदाशिव पेठेत घरगुती डब्यांचं काम. स्वयंपाक तिचा, पोचवणं माझं. तिची पद्धत म्हणजे नुसता वैताग. कुणाला लसूण नको, कुणाला भात गुरगुट्या. खूण म्हणून डब्याच्या कडीला रंगीत दोरा बांधायची. पांढरा म्हणजे अळणी, एवढं मला माहीत. बाकीचे रंग तिच्या डोक्यात. मी ओरडायचो, "दवाखाना काढलायस का?" ती म्हणायची, "तुम्ही आपली स्कूटर चालवा."

मुलगा खराडीला कंपनीत आहे. तो म्हणाला, "बाबा, एकच भाजी, एकच आमटी. नको असेल ते सोडतील, नवे येतील." पटलं. स्वयंपाकाला बाई ठेवली आणि कात्रीने सगळे दोरे कापून टाकले. स्पर्धा परीक्षांच्या क्लासची पोरं गिऱ्हाईक म्हणून भराभर वाढली. दुपारी झोप मिळायला लागली. तिच्या माघारी मला बरं वाटत होतं, हे लिहितानाही लाज वाटते.

मग एका रिटायर मास्तरीणबाईंचा डबा जवळजवळ भरलेलाच परत यायला लागला. एकट्या राहतात, दुसऱ्या मजल्यावर. शेवटी वर जाऊन विचारलं.

"बाई, जेवण चांगलं नाही का?"

"चांगलं आहे हो. मला चावत नाही, आणि मीठ बंद आहे. एवढंच."

"आता सगळ्यांना सारखंच करतो."

"करा की. आम्हीही वर्गात सगळ्यांना सारखंच शिकवायचो. निम्मे नापास व्हायचे."

"आधी सांगायचं नाही का?"

"तुमची बायको विचारायची. सांगायची सवय नाही राहिली."

मी म्हटलं, उद्यापासून तुमचं वेगळं काढतो. त्या म्हणाल्या, "आणि बाकीच्यांचं?"

मी जिना उतरलो. बाकीचे कोण, तेच मला ठाऊक नव्हतं. काही जण डबा बंद करून गेले होते. का, ते मी एकालाही विचारलं नव्हतं. नवे येत होते ना.

आता मास्तरीणबाईंचं जेवण मऊ शिजवून, मीठ घालायच्या आधी वेगळं काढतो. परत आलेला प्रत्येक डबा घासायला टाकण्याआधी उघडून बघतो आणि काही उरलं असेल तर त्या घरी जातो. मुलगा म्हणतो, "बाबा, पुन्हा सगळा व्याप वाढवून ठेवताय."

वाढू दे. जे डबा सोडून गेले त्यांच्या घरी जायला मात्र अजून धीर होत नाही.