कुरडईच्या चोथ्यातलं स्पर्मिडीन

बाबांच्या आतड्यातली गाठ काढून वर्षही झालं नव्हतं. पुढची तपासणी जवळ आली होती, आणि नेमका तेव्हाच आईने सुदामा नगरच्या आमच्या गच्चीवर कुरडयांचा घाट घातला.

भिजून आंबलेले गहू वाटून तिने चीक काढला आणि उरलेला चोथा नेहमीसारखा गाईसाठी बाजूला ठेवला. बाबांनी ते पातेलंच उचललं.

"हे गाईला नाही द्यायचं हं! यात स्पर्मिडीन असतं. मोबाइलवर एक डॉक्टर सांगत होता, पेशी आतून एकदम चकाचक!"

"घ्या! मग गाईला काय घालू, तुमच्या गोळ्या?" आई म्हणाली.

ती दोघं हसली. मला मात्र धस्स झालं. मी भंवरकुआंला कोचिंगमध्ये जीवशास्त्र शिकवते. स्पर्मिडीन जिवंत पेशीत असतंच, पेशीला वाढायला ते लागतं, हे पोरांकडून घोकून घेते. पेशीला लागतं म्हणजे गाठीलाही लागणारच की!

मी गुपचूप बाबांच्या डॉक्टरांना फोन केला. "अहो मॅडमजी, खाण्यातल्या एवढ्याशाने काही नाही होत. खाऊ द्या." पण भीती मेली डॉक्टरचं कशाला ऐकतेय! बाबा वाळवलेला चोथा रोज दह्यात कालवून खायचे, आणि मला वाटायचं, आपण त्या गाठीलाच जेवू घालतोय.

तपासणीच्या आदल्या दुपारी मी चोथ्याचा डबा उचलला आणि तडक फाटकाशी उभ्या गाईकडे निघाले. मागून बाबा आले.

"अगं, रुक ना! काय करतेयस?"

"बाबा, याने ती परत वाढली तर?" इतके दिवस गिळलेलं एकदम बाहेर पडलं आणि मी रडायलाच लागले.

ते फाटकाला धरून उभे राहिले.

"आणि नाही खाल्लं तरी वाढली तर? सांग ना, मी काय करू? डोक्यात दुसरं काही येतच नाही गं. हे चावतो तेवढा वेळ वाटतं, आपण पण काहीतरी करून राहिलोय."

गाय मान पुढे करून वाट बघत होती. मी डबा त्यांच्या हातात दिला आणि दही आणायला आत गेले.