व्याह्यांशी बरोबरी

मर्गिलानच्या बुद्धिबळ क्लबात तुर्सुनअली न्हाव्याला सगळे मान देत, पण त्याची पहिल्या श्रेणीच्या खेळाडूची पदवी मात्र दरवर्षी थोडक्यात हुकायची. यंदा शेवटचा डाव जिंकला की ती मिळणार होती. बरोबरी झाली तर नाही. आणि समोर नेमके बसले होते हाशिमजान, तंदूरवाले, त्याचे व्याही.

निघताना बायको, सल्तनत, म्हणाली होती, “आपली मुहय्यो त्यांच्या घरात नांदतेय. त्यांना हरवून बिरवून येऊ नका.”

तुर्सुनअलीने मान डोलावली. व्याह्यांच्या दस्तरखानावर जेवायला बसल्यावर त्याने आजवर त्यांच्याआधी कधी रोटी मोडली नव्हती. मुलीच्या बापाची रीतच ती.

हाशिमजाननी उंटासमोरचं प्यादं दोन घरं पुढे सारलं. तुर्सुनअलीनेही तेच केलं. त्यांनी घोडा काढला, यानेही काढला. त्यांनी उंट कोपऱ्याकडून तिरका रोखला, यानेही रोखला. राजे किल्ल्यात गेले. पटाच्या मधोमध जणू आरसा उभा होता. तुर्सुनअलीच्या मनात होतं, व्याह्यांच्या मागोमाग चालावं, कुणाचा अपमान नको.

हाशिमजानचे कान मात्र लाल होत चालले. “व्याही, मला वेडावून दाखवताय?”

“छे हो! तुमच्या मागून चालतोय.”

“मागून चालायला मी काय मेंढ्यांचा म्होरक्या आहे?”

“शांतता!” पंच मुनीराबाईंनी टेबलावर पेन वाजवलं.

रागाच्या भरात हाशिमजाननी घोडा पुढे फेकला. त्याच्या पाठीशी कुणीच नव्हतं. तुर्सुनअलीला ते लगेच दिसलं. आपलाही घोडा तसाच पुढे टाकला की आरसा टिकणार होता, सल्तनतही खूश झाली असती. त्याचा हात घोड्याकडे गेला, हवेतच थांबला. मग त्याने अलगद उंट उचलला आणि व्याह्यांचा घोडा मारला.

हाशिमजान पटाकडे बघत राहिले. “हं. आत्ता कुठे खेळायला आलात.”

पुढे ते चिवटपणे लढले, पण घोड्याची भरपाई काही झाली नाही. शेवटी त्यांनी आपला राजा आडवा केला, घड्याळ थांबवलं आणि दोन्ही हातांनी तुर्सुनअलीचा हात धरला.

“मुहय्योला मीच सांगतो,” ते म्हणाले. “नाहीतर तुम्ही महिनाभर आमच्याकडे फिरकायचे नाहीत.”

तुर्सुनअली ओशाळला. “बरोबरी मागितली असतीत, तर दिली असती हो.”

“माहीत आहे. म्हणून तर नाही मागितली.”